गुरुवारची बैठक बंद करू नका: आमच्या संगीत विभागाला खुलं पत्र

आदरणीय विभागप्रमुख सर, विभागातले सगळे गुरुजन आणि अभ्यास मंडळाचे सदस्य, सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

मी एम.ए. गायनाच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. खाली नाव लिहिलेलं नाही, पण बॅचमध्ये आम्ही चौदाच जण आहोत, त्यामुळे कोण लिहितंय ते तुम्हाला लगेच कळेल आणि त्याला माझी हरकत नाही. हेच सगळं मी आधी अर्ज म्हणून ऑफिसला दिलं होतं, दोनदा जाऊन विचारलं, "सरांच्या टेबलवर आहे" एवढंच उत्तर मिळालं. पंधरा दिवस झाले. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण हे फक्त आमच्या विभागापुरतं नाहीये, दुसऱ्या विद्यापीठात संगीत शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणींशी बोलले तर त्यांचंही थोड्याफार फरकाने हेच आहे.

गेल्या महिन्यात नोटीस लागली. साप्ताहिक बैठक पुढील सूचनेपर्यंत स्थगित, त्याऐवजी महिन्यातून एकदा सादरीकरण होईल, आणि त्यात "पूर्ण तयारी असलेल्या विद्यार्थ्यांनाच" संधी मिळेल, तयारी आहे की नाही हे आधी ऐकून ठरवलं जाईल. दोन ओळींची नोटीस होती. आम्ही सहा-सात जण ती वाचत उभे होतो आणि कुणीच काही बोललं नाही, कारण प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता, माझी तयारी पूर्ण आहे का. आणि खरं सांगते सर, चौदापैकी एकही जण छातीवर हात ठेवून हो म्हणणार नाही. जे खरंच चांगलं गातात ते तर अजिबात म्हणणार नाहीत.

बैठक म्हणजे काय होतं हे बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. दर गुरुवारी चार वाजता छोट्या हॉलमध्ये सतरंजी टाकायची, दोन तानपुरे जुळवायचे, ज्याला गायचंय त्याने पंधरा-वीस मिनिटं गायचं. मार्क नाहीत, रेकॉर्डिंग नाही, पाहुणे नाहीत. कुणी नुसती आलापी करायचं, कुणाची बंदिश अर्धीच बसलेली असायची, एकदा आमच्यातला एक जण तालाची सलग चार आवर्तनं समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आलाच नाही, तबल्यावर बसलेल्या दादांनी मान हलवून त्याला सम दाखवली आणि पाचव्या आवर्तनाला तो बरोबर आला. सगळ्यांनी मनापासून दाद दिली त्याला. ही बैठक तुमच्याच आधीच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली, म्हणजे त्यांना तिचं महत्त्व कळत होतं.

मला त्या बैठकीने काय दिलं ते जरा सविस्तर सांगायचंय. पहिल्या सेमिस्टरला मला भूप जमेनासा झाला. भूप, म्हणजे लहान मुलांना पहिल्यांदा शिकवतात तो राग, मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून गातेय, विशारद ही गाण्याची वरची परीक्षा होऊन इथे आले, आणि इथे वर्गात दोनदा ऐकलं की गंधार, म्हणजे ग, चढतोय, हवा त्यापेक्षा वर लागतोय. गंधार भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, तोच चढला तर उरलं काय. मी हॉस्टेलवर सूर बरोबर लागतोय का ते दाखवणारं ट्यूनर ऍप घेतलं. फोन समोर ठेवून गंधार लावायचा, काटा मधे आला की हिरवा, नाहीतर लाल. सकाळी सहा वाजता उठून नुसता गंधार. महिन्याभरात काटा हिरवा यायला लागला, मला वाटलं जमलं, आणि वर्गात परत तेच, गंधार चढतोय. मग रेकॉर्ड करून ऐकायला लागले, एकाच आलापाची त्रेचाळीस रेकॉर्डिंग एका रात्रीत केली आणि सगळी डिलीट केली, आकडा लक्षात आहे कारण फोनने प्रत्येकाला आपोआप नंबर दिला होता. त्यानंतर आठ-नऊ दिवस मी गायलेच नाही. घरी फोनवर सांगितलं घसा बसलाय.

बैठकीला मैत्रिणीने ओढून नेलं. मी भूपच गायले, रडवेल्या आवाजात. एका मॅडमनी मधेच थांबवलं, विचारलं रियाज कसा करतेस, मी ऍपचं सांगितलं. त्यांनी फोन बंद करायला लावला, पेटीही बाजूला ठेवली, तानपुरा परत जुळवला, जवारीचा, म्हणजे तारेला गुंजन देणारा, दोरा सरकवून षड्जाची, म्हणजे सा ची, तार मोकळी केली आणि म्हणाल्या गाऊ नकोस, पाच मिनिटं नुसतं ऐक, या तारेतून गंधार येतो तो शोध. आला. त्या खरजाच्या तारेतून आपोआप उमटणारा तो गंधार मी आयुष्यभर ऐकला असेन पण त्याच्याकडे लक्ष कधी दिलं नव्हतं. मग मॅडमनी समजावलं की ऍप आणि पेटी सप्तकाचे बारा सारखे भाग करतात आणि तानपुऱ्याचा गंधार त्यापेक्षा थोडा उतरा असतो, नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की फरक साधारण १४ सेंटचा आहे, सेंट म्हणजे पेटीच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. म्हणजे मी महिनाभर रोज पहाटे उठून तानपुऱ्याशी बेसूर व्हायचा रियाज करत होते, आणि जितकी मेहनत वाढवत होते तितकी लांब जात होते. वर्गात चूक सांगितली गेली होती, आणि ती बरोबरच होती. पण ती कुठून येतेय हे कळायला कुणीतरी पंधरा मिनिटं माझं वाईट गाणं शांतपणे ऐकण्याची गरज होती, आणि ते विभागात फक्त गुरुवारी चार वाजता होत होतं.

आता तुमच्या नोटिशीप्रमाणे त्या दिवशीची मी बैठकीला बसूच शकले नसते, कारण माझी तयारी पूर्ण नव्हती.

माझी पहिली तक्रार हीच आहे. कच्चं गाणं गायची जागा तुम्ही काढून घेतलीत. परीक्षेत कच्चं चालत नाही, कार्यक्रमात चालत नाही, इंटर्नलला प्रत्येक स्वराचे मार्क असतात, मग कच्चं गाणं पिकणार कुठे? हॉस्टेलच्या बाथरूममध्ये आणि फोनसमोर? एकट्याने रियाज लागतोच, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण एकट्याला आपल्या चुका एक तर दिसत नाहीत किंवा सगळंच चुकीचं दिसायला लागतं.

तुम्ही म्हणाल की आमच्या वेळी गुरूकडे याहून कितीतरी कडक होतं. मान्य आहे, तुमच्या सगळ्यांच्या शिक्षणाबद्दल मनात आदरच आहे. पण गुरूकडे कडकपणाबरोबर वेळ होता. एक राग वर्षभर, काहींना दोन वर्षं. आम्हाला पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये चार राग विलंबित-द्रुत, म्हणजे संथ आणि जलद, दोन्ही लयींसकट, शिवाय थिअरीचे पेपर, शिवाय प्रोजेक्ट. गुरूच्या घरी शिष्य गुरूलाही रियाज करताना ऐकायचा, त्यांचीही तान कधी अडखळताना ऐकायचा. आणि गुरूच्या मैफिलीत मागे तानपुरा घेऊन बसायचा, गुरूंनी खूण केली की मधे दोन स्वर लावायचा, चुकले तर गुरू पुढे घेऊन जायचे, श्रोत्यांनाही माहीत असायचं की मागे बसलेलं पोर शिकतंय. म्हणजे आपल्या परंपरेतच कच्च्या आवाजाला भर मैफिलीत जागा होती. आपण तिथला कडकपणा विद्यापीठात आणला, आणि तो वेळ आणि ती तानपुऱ्यामागची जागा मात्र आणली नाही.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पं. भातखंड्यांनी गावोगाव फिरून बंदिशी गोळा करून क्रमिक पुस्तकं छापली, ते सगळं माझ्यासारख्या घराण्याशी काही संबंध नसलेल्या घरातल्या मुलांना गाणं शिकता यावं म्हणूनच ना? हे तुम्हीच आम्हाला थिअरीच्या पेपरला शिकवलंय.

दुसरी तक्रार मार्कांच्या यादीची. इंटर्नल झालं की पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत क्रमवार यादी व्हॉट्सऍप ग्रुपवर पडते, त्याच ग्रुपवर ज्युनियर आहेत, तबल्याची मुलं आहेत. गेल्या वेळी मी पाचवी होते म्हणजे माझं काही वाईट झालेलं नाही, तरी सांगते की ती यादी आल्यावर दोन दिवस कुणी कुणाच्या समोर रियाज करत नाही. रियाजाच्या खोल्यांच्या काचांना आतून वर्तमानपत्र लावलेलं तुम्ही पाहिलं असेल, ते ऊन लागतं म्हणून लावलेलं नाहीये.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या बोलण्याची, ही लिहायला सगळ्यात जड जातेय. "तुझ्यापेक्षा माझ्याकडची प्रवेशिकेची मुलं बरी गातात" (प्रवेशिका म्हणजे अगदी सुरुवातीच्या परीक्षांपैकी), "विशारद कुणी दिली तुला", "आवाजच नाहीये, थिअरीत काहीतरी कर". बोलणाऱ्याच्या दृष्टीने हे पाच सेकंदांचं असतं, कदाचित संध्याकाळी आठवतही नसेल. माझ्या एका बॅचमेटला मी पहिल्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी पाहिलंय. तिचा नंबर माझ्यानंतर होता. मी गाऊन बाहेर आले तर ती व्हरांड्यात तानपुरा जुळवत बसलेली, मणी वर कर खाली कर, दोरा सरकव, परत मणी. तानपुरा लागलेला होता, मला बाहेरूनही ऐकू येत होतं की सुरेल लागलाय, तसं मी म्हटलंही. ती म्हणाली नाही अजून, थोडा राहिलाय. वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं, आतून दोनदा नाव पुकारलं. मग तिने तानपुऱ्याला गवसणी घातली, चेन लावली, भिंतीला नीट टेकवून ठेवला आणि निघून गेली. निकालात ती गैरहजर आहे. ती आता गावी असते, फोनवर छान बोलते, गाण्याचा विषय काढला की दुसरं काहीतरी बोलायला लागते. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात सुरेल तीच होती, हे तुमच्यापैकी एकाने नंतर बोलून दाखवलं. तिच्यासमोर एकदा तरी म्हणायला हवं होतं सर.

चौथी तक्रार तांत्रिक आहे पण तिच्यामुळे फार नुकसान होतं. मुलं-मुली एकत्र वर्ग काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, चालतो. ज्या मुलींचा सूर काळी चार आहे त्यांना हे पाच पट्ट्या वर जातं, तार गंधाराला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग ला, गळा ताणून आवाज फाटतो, आणि त्यांना वाटतं आपला आवाज वाईट आहे. आवाज वाईट नाहीये, पट्टी चुकीची आहे. पहिल्या वर्षाच्या दोन मुलींना मी स्वतः हे समजावलंय, एक तर सुगम संगीताकडे वळायचं ठरवून बसली होती.

साथीचंही तसंच. तबल्याला एकच दादा आहेत आणि तीन वर्ग, म्हणून आम्ही वर्षभर ऍपच्या ठेक्यावर गातो आणि परीक्षेत पहिल्यांदा माणसाबरोबर. विलंबित एकतालात माणूस थोडा श्वास घेतो, गायकाकडे बघतो, त्याची सवयच नसेल तर सम सुटणारच, आणि मग तो मुलगा रात्रभर स्वतःला दोष देत बसतो.

एक मात्र मुद्दाम सांगते, यातलं बरंच काही सरांच्या-मॅडमच्या हातात नाही हे आम्हाला दिसतं. अर्धे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे मिळत नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही माहीत नाही. ज्या मॅडमनी मला तो गंधार ऐकवला त्याही तासिका तत्त्वावरच्या, आणि गुरुवारची बैठक त्यांच्या तासांत धरलेली नव्हती, त्या आपणहून थांबायच्या. धास्तीत असलेल्या माणसाने धास्तीत असलेल्या मुलांना शिकवायचं हे किती कठीण असेल याची मला कल्पना आहे, आणि अभ्यास मंडळाने हेही बघावं.

आम्ही दिवसभर यूट्यूबवर मोठ्यांची गाणी ऐकतो, ऐकायलाच पाहिजेत. पण ते गाणं तीस-चाळीस वर्षांच्या तपश्चर्येनंतरचं असतं, त्याआधीचं बिघडलेलं, तुटलेलं गाणं कुठेच रेकॉर्ड झालेलं नसतं, म्हणून ते नव्हतंच असं आम्हाला वाटतं. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतोनात गाण्याने गेला आणि जो आवाज उरला त्यातून त्यांनी नवी गायकी उभी केली असं सांगतात. पं. कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास क्षयाने देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गाऊच शकले नाहीत. त्या वर्षांबद्दल वर्गात कुणी बोलत नाही. माझी विनंती आहे की बोला. तुमच्या स्वतःच्या अशा वर्षांबद्दलही बोला, आम्हाला ते ऐकायची खरंच गरज आहे.

मी मिरजेची. शाळेत जाताना सतारमेकर गल्लीतून जायचे. तिथले कारागीर जवारी लावतात ते रस्त्यावर दिसतं, घोडी, म्हणजे तारा टेकतात तो तुकडा, घासायची, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, तार उतरवायची, परत घासायची. मधले सगळे आवाज, बसके, घासटलेले, गल्लीभर ऐकू येतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्याच गल्लीतून आलेला तानपुरा आपल्या छोट्या हॉलमध्ये आहे.

आता मागण्या.

१. गुरुवारची बैठक पूर्वीसारखी सुरू करा. निवड नको, मार्क नकोत, रेकॉर्डिंग नको. महिन्याचं सादरीकरण हवं तर ठेवा, ते चांगलंच आहे, पण बैठकीच्या जागी नको. बैठकीला थांबणाऱ्या शिक्षकांचे तास धरा आणि त्यांना त्याचे पैसे द्या.

२. क्रमवार यादी ग्रुपवर टाकणं बंद करा. ज्याचे मार्क त्याला सांगा, आणि सोबत दोन ओळी लिहून द्या, काय चुकलं आणि काय बरं झालं. दोन्ही.

३. वर्गात मुलींसाठी वेगळ्या पट्टीचा तास ठेवा, आठवड्यात दोन असले तरी चालतील. आणि परीक्षेच्या आधी प्रत्येकाला निदान तीन वेळा प्रत्यक्ष तबल्याबरोबर गायला मिळू द्या.

४. अपमान होईल असं बोलणं थांबवा. हे मी एकटीच मागत नाहीये, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात चारचौघांत मानहानी टाळावी असं आहे, आणि शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, कमी असतील तर बाहेरच्या समुपदेशकाशी रीतसर जोडून द्यावं असंही आहे. आपल्या विभागात शंभर नसतील, विद्यापीठात हजारो आहेत. समुपदेशक कोण, कुठे बसतात, कधी भेटतात, हे नोटीस बोर्डावर लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही तिथेच लावा.

५. प्रॅक्टिकलला जो गैरहजर राहतो त्याला फोन करा. शिपाईकाकांनी नाही, शिक्षकांपैकी कुणीतरी.

बेसूर चालवून घ्या असं यात कुठेही म्हणत नाहीये. सुरात गायचंय म्हणूनच इथे आलोय, त्यासाठी घरचे पैसे लावतायत, काहींनी नोकरी सोडलीये. चूक दाखवा, रोज दाखवा, गळा दमेपर्यंत परत परत गाऊन घ्या. फक्त ती चूक करायला जागा ठेवा.

येत्या गुरुवारी आम्ही नऊ जण चार वाजता हॉलपाशी असू. तबल्याच्या दादांना विचारलंय, ते येतो म्हणाले. मी बिहाग गाणार आहे, दीड महिना झालाय सुरू करून, त्यातला तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, अजून नीट लागत नाही. हॉलची किल्ली ऑफिसात असते, ती द्यायला सांगा एवढं करा, आणि जमलं तर तुम्हीही बसायला या.

आपली नम्र,
एम.ए. गायन, सेमिस्टर तीनची विद्यार्थिनी